कोरडी कातडी, राठ केस : घरचे आणि रानातले उपाय, प्रमाणासकट

धुऱ्यावरून

सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी सुरू झाली, आणि दरवर्षीप्रमाणे टाचा, बोटं, ओठ, पिंडऱ्या उलायला लागल्या. "कोरड्या कातडीला काय लावू" असं कोणी विचारलं की इथे एका ओळीत उत्तर येतं : खोबरेल लाव, कोरफड लाव, मुलतानी माती लाव. किती, कशावर, किती वेळ, काय बिघडू शकतं, हे कोणी लिहीत नाही. या धाग्यात ते लिहा. घरी फ्रीज नाही, पाणी बोअरचं, आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं आणि दिवस वावरात जातो, असं धरून लिहा. विकतच्या क्रीमांची यादी नको.

पहिला मुद्दा मीच मांडतो : लावण्याआधी काढणं थांबवा. कातडीच्या वरच्या थरात जी चरबी असते तीच आतलं पाणी धरून ठेवते. कडक गरम पाणी आणि साबण ती धुऊन नेतात. आपली कातडी किंचित आम्ल, पीएच पाचच्या आसपास. साध्या साबणाच्या वडीचा पीएच नऊ-दहा. म्हणून थंडीत साबण फक्त काखा, जांघा, तळपाय आणि हातांना लावा. पाठ, पोट, पिंडऱ्या यांना रोज साबणाची गरज नसते. मातीत काम केलं असेल त्या दिवशी वेगळी गोष्ट. वडी घेताना वेष्टनावर टीएफएमचा, म्हणजे साबणातल्या एकूण चरबीचा, आकडा बघा. पहिल्या प्रतीच्या साबणात तो किमान ७६ टक्के असतो, दुसऱ्या प्रतीत ७०, तिसऱ्यात ६०. कपड्याची वडी अंगाला लावणं म्हणजे तर सरळ कोरडेपणाला आमंत्रण. आधी खाज, मग ओरखडे, मग पू.

पाणी कोपर बुडवून बघा. कोपराला कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर थंड मिसळा. दहा मिनिटांच्या वर आंघोळ नको. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं, आणि अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत तेल लावायचं. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला दोन चमचे तेल पुरतं, म्हणजे १० मिली. कोरड्या अंगावर चार चमचे चोपडलं तरी उपयोग कमी, कारण तेलात पाणी नसतं. ते फक्त असलेलं पाणी उडू देत नाही. वर सदरा तेलकट होतो आणि वावरातली धूळ चिकटते ते वेगळंच.

खारपाण

पाण्याचं जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धा आजार तिथेच आहे.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलं की साबणाशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला पांढरट कड येते तोच. तो केसांवरही बसतो. केस धुतल्यावर चिकट आणि वाळल्यावर काथ्यासारखे राठ लागतात ते यामुळे. मग माणूस तेल वाढवतो, तेल निघावं म्हणून साबण वाढवतो, आणि साका आणखी वाढतो.

तपासायची सोपी रीत : पारदर्शक बाटली अर्धी पाण्याने भरा, साबणाच्या वडीचा हरभऱ्याएवढा किसलेला तुकडा टाका, जोरात हलवा. फेस टिकला आणि खालचं पाणी नितळ राहिलं तर पाणी मऊ. फेस बसला आणि दह्यासारख्या गुठळ्या दिसल्या तर जड. शॅम्पू किंवा धुण्याची पावडर वापरून ही परीक्षा करू नका, त्या जड पाण्यातही फेस देतात.

हंड्याच्या बुडाला पांढरं किटण बसत असेल तर त्या जडपणाचा काही भाग उकळून जातो. पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, रात्रभर निवू द्या, वरचं तीन चतुर्थांश हलक्या हाताने काढून घ्या, तळाचं फेका. तुरटी फिरवून हे होत नाही. तुरटी गढूळपणा बसवते, जडपणा नाही.

पण अमरावती, अकोला, बुलढाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात हा उपाय चालणार नाही. तिथे पाण्यात मीठ विरघळलेलं असतं, ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की क्षार वाढतात. तिथे एवढंच करा : आंघोळ बोअरच्या पाण्याने, आणि शेवटचे दोन तांबे पिण्याच्या गोड पाण्याचे, आधी डोक्यावर, तेच अंगावरून खाली. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी धरता येत असेल तर पहिला पाऊस सोडून द्या, नंतरचं झाकून ठेवा. केस धुवायला त्याच्यासारखं पाणी नाही.

जड पाण्याला आणखी एक उतारा म्हणजे लिंबू. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा रस, गाळून. केस धुऊन झाल्यावर हे पाणी ओतायचं, मिनिटभर थांबायचं, साध्या पाण्याने काढायचं. साक्याचा चिकटपणा उतरतो. डोक्याला ओरखडे असतील तर झोंबेल. न धुता उन्हात जाऊ नका.

अंगणवाडी

शिकेकाई-रिठा जड पाण्यात चालतो का? आमच्याकडे बचत गटाच्या बाया पुडी विकतात, पण केस आणखी कोरडे होतात अशी तक्रार येते.

शेंगा आणि साली

चालतो, ताई. शिकेकाई आणि रिठ्यातला फेस साबणाचा नसतो, त्याचा पाण्यातल्या कॅल्शियमशी साका होत नाही. जड पाण्याच्या गावात खरं तर हीच सोय बरी. तक्रार येते ती दोन कारणांनी : पुडीत रिठा जास्त असतो, आणि लोक पूड थेट डोक्यावर चोळतात.

रिठा स्वस्त, फेस भरपूर, म्हणून विकणारे तोच वाढवतात. पण तो तेल अगदी खरवडून काढतो. कोरड्या केसांसाठी शिकेकाई चार भाग, रिठ्याची साल एक भाग, मेथी एक भाग, आवळा अर्धा भाग. आवळा तुरट, कोरड्या केसांना तो कमीच बरा. पूड चोळली की तिचे कण केसांत अडकतात, ते विंचरून काढताना केस तुटतात, आणि दोष मात्र शिकेकाईला लागतो. काढा करा.

कमरेपर्यंतच्या केसांना एका वेळेचं प्रमाण : शिकेकाईच्या सात-आठ शेंगा मोडून, दोन रिठे बी काढून, मेथी एक चहाचा चमचा, पाणी अर्धा लिटर. स्टीलच्या गंजात (पातेल्यात) रात्री भिजत घाला. लोखंडी कढई नको, आवळा-शिकेकाईने पाणी काळं होतं आणि पांढऱ्या केसांवर, टॉवेलवर डाग पडतो. सकाळी मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजवा, फार खळखळवलं तर उतू जातं. निवल्यावर हाताने कुस्करा आणि जुन्या सुती धोतराच्या दुहेरी फडक्यातून पिळून गाळा. साधारण तीनशे मिली पातळ, बुळबुळीत काढा निघतो.

केस आधी पूर्ण ओले करा, मग काढा ओता आणि फक्त टाळूवर बोटं फिरवा. खाली ओघळेल तेवढ्याने केसांची टोकं साफ होतात. डोळ्यांत गेलं तर जबरदस्त आग होते, म्हणून लहान पोरांचं डोकं मागे झुकवून धुवा. फेस साबणाइतका येणार नाही. फेस नाही म्हणून पुन्हा-पुन्हा ओतत राहिलं की मग केस कोरडे होतात.

उरलेला काढा थंडीत दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतो. आंबूस वास आला, बुडबुडे दिसले की फेकून द्या. उन्हाळ्यात उरवूच नका.

हुरडा

जवस कोणी सांगतलाच नाही अजून! घरात जवस पडून राह्यते अन् केसाले लावाले विकतची जेल आणते लोकं.

दोन मोठे चमचे जवस, दोन पेले पाणी, म्हणजे चारशे मिली. मंद आचेवर सारखं हलवत राहाचं, नाही तं बुडाले लागते. सात-आठ मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं तार धरते. तार दिसली का लगेच खाली उतरवाचं. अन् गरम हाये तवाच फडक्यातून गाळाचं. थंड झालं तं त्या बिया सोडतच नाही चिकटा, कितीबी पिळा. जास्त शिजवलं तरी तेच होते, लगदा बनते.

धुतलेल्या दमट केसाले दोन चमचे चिकटा, टोकाकडून वर. टाळूले नाही. जास्त लावला तं वाळल्यावर पांढऱ्या पापड्या सुटते अन् लोकं म्हणते कोंडा झाला. थंडीत दोन दिवस, उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवाचा. उरलेल्या शिजल्या बिया ढोराच्या आंबोणात चालते.

पण जवसाचं तेल केसाले लावू नका बाप्पा. ते हवेत वाळते, रंगाच्या तेलासारखं चिकट पापुद्रा धरते, वासबी मारते. अन् जवस तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. आपोआप तापते अन् पेट घेऊ शकते. पसरून वाळवा, नाही तं पाण्यात टाका.

घाणा

हुरडा भाऊ, बरोबर. तेलांचं एकदा स्पष्ट करून टाकू, कारण "कोणतंही तेल चालतं" हे खरं नाही.

केसांसाठी खोबरेल. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं; सूर्यफुलाचं तेल बरचसं वरच राहतं. म्हणून खोबरेल धुण्याआधी लावायचं, निदान दोन तास, रात्री लावून सकाळी धुतलं तर उत्तम. लांब केसांना तीन चहाचे चमचे, त्यातले दोन केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला. राठपणा तिथे असतो, आणि लोक सगळं तेल टाळूवर ओततात. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. आपल्याकडे डिसेंबरच्या सकाळी बाटलीत दगड झालेलं असतं. बाटली गरम पाण्याच्या गंजात पाच मिनिटं ठेवा. थेट चुलीवर नको. गोठलं म्हणजे शुद्ध, न गोठलं म्हणजे भेसळ, ही परीक्षा अर्धवट आहे. गोठणारी भेसळही असते.

अंगासाठी तीळ, करडी किंवा सूर्यफूल. साध्या करडीच्या तेलात लिनोलिक आम्ल ७० टक्क्यांच्या वर असतं, आणि कातडीच्या आवरणाला तेच लागतं. घाण्याचं करडी तेल मात्र लवकर खवट होतं. पाव लिटरच आणा, गडद बाटलीत, चुलीपासून लांब ठेवा. खवट तेलाने कातडी चुरचुरते. तीळ तेल त्यामानाने खूप टिकतं, त्यात स्वतःचंच राखण करणारे घटक असतात. वर्षभर एकच तेल ठेवायचं तर तीळ.

सरसूचं (मोहरीचं) तेल आपल्याकडे परप्रांतीय मजुरांमुळे गावोगाव मिळायला लागलं आहे. उष्ण म्हणून थंडीत बाळाला चोळतात. ते गरम वाटतं कारण ते कातडीला डिवचतं. तान्ह्या बाळाला आणि उलालेल्या कातडीला ते नको.

मोहाच्या बियांचं तेल, म्हणजेच टोळीचं तेल, गडचिरोली-गोंदियाकडे घरोघरी. थंडीत तुपासारखं थिजतं, वास उग्र, पण टाचा-कोपरांना फार चांगलं. कपड्यांना वास राहतो, म्हणून रात्री लावा.

अंगणवाडी

धन्यवाद. आणि माक्याचं तेल? पावसाळ्यात धुऱ्यावर माका भरपूर असतो. घरी केलेल्या तेलाला महिनाभरात बुरशी येते.

शेंगा आणि साली

बुरशी येते म्हणजे पाणी राहिलं. तेल कच्चं उतरवलं गेलं.

आयुर्वेदातलं प्रमाण सोपं आहे : कल्क (वाटलेला लगदा) एक, तेल चार, रस सोळा. पाव लिटर तीळ तेल घेतलं तर माक्याचा ताजा रस एक लिटर, आणि वाटलेला कल्क साधारण ६० ग्रॅम (माक्याचाच, किंवा आवळकाठी भिजवून वाटलेली). माका मुळासकट उपटा, माती तीन पाण्यांत धुवा, पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये थोडं पाणी घालून वाटा आणि पिळा. एक लिटर रसाला टोपलीभर माका लागतो, मूठभर नाही. लोक मूठभर पानं तेलात तळतात आणि त्याला माका तेल म्हणतात.

भांडं तेल-रसाच्या तिप्पट मोठं घ्या. शेवटाकडे ते फसफसून वर येतं, आणि चुलीवर उतू गेलं तर आग. सुरुवातीला आच मध्यम, रस अर्धा आटला की अगदी मंद. तळाला कल्क बसू देऊ नका, लाकडी उलथण्याने खरडत राहा. दोन-तीन तास लागतात. घाईने मोठी आच केली की कल्क करपतो, तेलाला जळका वास येतो आणि तो काही केल्या जात नाही.

झालं की नाही हे घड्याळावर नाही, तीन खुणांवर बघायचं. तळाचा कल्क चिमटीत घेऊन वळला तर त्याची वात होते, बोटांना चिकटत नाही. ती वात विस्तवावर धरली तर चटचट आवाज करत नाही, शांत जळते. चटचट झाली म्हणजे पाणी आहे. आणि तेलावर फेस येतो. (तुपात उलट, तयार झालं की फेस बसतो.) तिन्ही खुणा पटल्या की लगेच उतरवा, कोमट असतानाच गाळा, आणि बाटली उन्हात कडक वाळवलेली असू द्या. बाटलीतला एक थेंबही महिन्याभरात तुमचं तेल घालवेल.

केस काळे होतात, टकलावर उगवतात, असलं काही कबूल करणार नाही. राठपणा कमी होतो, विंचरताना केस कमी तुटतात. एवढं पुष्कळ.

धुऱ्यावरून

आता टाचा. वेचणीच्या बायांची सगळ्यात मोठी तक्रार तीच.

मेणबत्ती नव्हे मेण

टाचेसाठी नुसतं तेल पुरत नाही, ते चपलेत आणि मातीत तासाभरात पुसलं जातं. मेण लागतं.

तीळ तेल ८० ग्रॅम, मधमाशीचं मेण २० ग्रॅम. डब्बा अगदी घट्ट वाटला तर पुढच्या वेळी मेण १५ करा. मे महिन्यात पातळ होत असेल तर २५. टोळीचं तेल मिळत असेल तर तीळ तेलातलं २० ग्रॅम काढून ते घाला. मेळघाट किंवा गडचिरोलीच्या रानातलं मेण मिळालं तर आधी पाण्यात उकळून गाळा, त्यात पोळ्याचा कचरा आणि मेलेल्या माश्या असतात. पाणी निवलं की मेणाची चकती वर तरंगते, ती पुसून पूर्ण वाळवा. मेणबत्तीचं मेण घेऊ नका, ते पॅराफिन. मलम ठिसूळ होतो आणि भेगेत बसत नाही.

मोठ्या गंजात पाणी उकळत ठेवा, त्यात लहान भांडं, त्यात तेल आणि किसलेलं मेण. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणजे उकळत्या पाण्याची वाफ भरपूर झाली. थेट जाळावर मेण पेटतं. वितळलं की एकदा ढवळून कोरड्या डबीत ओता आणि हलवू नका. वर खड्डा पडला तर काही बिघडत नाही. रवाळ झालं तर हळू निवल्यामुळे झालं. परत वितळवा, ढवळत निववा.

लावायची रीत मलमाइतकीच महत्त्वाची. रात्री कोमट पाण्यात पाय पंधरा मिनिटं. वजरीने हलकं घासायचं, एकाच दिवशी सगळी कातडी काढायची नाही. रक्त येणाऱ्या भेगेला वजरी लावायचीच नाही, ब्लेड तर कधीच नाही. टिपून, दमट असतानाच मलम भेगेत दाबून भरायचा आणि सुती मोजे घालायचे. उथळ भेगा आठवड्या-दहा दिवसांत मिटतात, खोल भेगांना तीन-चार आठवडे लागतात. मिटल्या म्हणून थांबवलं की परत उलतात. वेचणी संपेपर्यंत एक दिवसाआड चालू ठेवा.

मधुमेह असलेल्यांनी गरम पाण्यात पाय घालू नयेत, वजरीही नको. चटका आणि जखम कळत नाही. त्यांनी फक्त मलम लावावा आणि रोज तळपाय बघावा.

हुरडा

अन् बिबा? म्हातारे लोकं भेगेत बिबा जाळून त्याचं तेल भरते.

मेणबत्ती नव्हे मेण

भाऊ, ते सांगू नका कोणाला. बिब्याचं तेल दाहक असतं. कोणाला सोसतं, कोणाचा पाय फोडांनी भरतो, आणि एकदा ज्याला उतला त्याला पुढच्या वेळी थेंबानेही उततो. जाळतानाचा धूरसुद्धा तोंडावर उठतो. उतलाच तर लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, नखाखालूनही, नाही तर हात लागेल तिथे पसरतो. फोड फोडू नका. वर खोबरेल लावू शकता. तोंड सुजलं, डोळे मिटले किंवा लघवी कमी झाली तर तडक दवाखाना.

आणि हेही लिहून ठेवतो. टाचेच्या मलमात युरिया असतो हे खरं आहे, १० ते २० टक्के युरियाचं मलम मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतं आणि ते उत्तम काम करतं. तो युरिया म्हणजे खताच्या पोत्यातला नव्हे. खतावर निंबोळीचा लेप असतो, त्यात इतरही बरंच काही असतं. पोत्यातला चमचाभर खोबरेलात घोळू नका.

खारपाण

मेडिकलचा विषय निघालाच आहे तर पेट्रोलियम जेलीचंही बोलू. ती झाडाची नाही म्हणून इथे काही लोक नाक मुरडतात. पण साधी, बिनवासाची जेली ओठांना आणि उलालेल्या बोटांना तेलापेक्षा जास्त वेळ पाणी धरते, तिची ॲलर्जी क्वचितच. नैसर्गिक असलं म्हणजे सोसतं असं काही नाही, बिबाही नैसर्गिकच आहे.

घाणा

वेचणीच्या हातांबद्दल : सकाळी तेल लावून वेचायला जाऊ नका, कापसाला डाग पडतो आणि प्रत जाते. बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबडतात, त्यासाठी बोटांना जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या. तेल किंवा मलम रात्री.

फवारणीच्या दिवशी तर अंगाला तेल नकोच. उलालेल्या कातडीतून औषध आत जायला वाट मिळते. यवतमाळात २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले ते सगळ्यांना माहीत आहे. हाताला भेगा असतील तर त्या मिटेपर्यंत फवारा दुसऱ्याने मारावा, हातमोजे घालून. फवारणीनंतर मात्र साबणाने सगळं अंग धुवायचं, "साबण कमी" हा वरचा नियम त्या दिवशी लागू नाही.

माती-माती

मुलतानी मातीचा उल्लेख पहिल्या पोस्टमध्ये आला म्हणून. कोरड्या कातडीला ती चुकीची आहे. ती तेल ओढते, तिचं काम तेच. आपली काळी माती पण त्याच जातीची, वाळताना आवळते आणि ओढते. वावरातून आल्यावर पायावरचा चिखल वाळू न देता धुतला तर टाचा निम्म्या वाचतात. बेसनही एकटं नको. लावायचंच तर एक चमचा बेसनाला दोन चमचे साय, दहा मिनिटं, आणि पूर्ण वाळायच्या आत कोमट पाण्याने काढायचं. साय नीट धुतली नाही तर संध्याकाळपर्यंत वास येतो.

लिंबू चेहऱ्यावर थेट चोळू नका. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे काळे डाग पडतात, आणि ते महिनोन् महिने जात नाहीत.

ग्लिसरीन : एक भाग ग्लिसरीन, तीन भाग पाणी किंवा गुलाबपाणी, दमट कातडीवर, आणि त्यावर तेलाचा हात. नुसतं घट्ट ग्लिसरीन लावू नका. ते मिळेल तिथून पाणी ओढतं. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्या हवेत पाणी नसतंच, मग ते कातडीतलं ओढतं आणि ओठ आणखी फाटतात.

कोरफडीचं पान कापल्यावर अर्धा तास उभं धरून पिवळा चीक गळू द्या, मग धुवा, मग सोला. खाज येते ती त्या चिकाने. गर एकटा लावला तर वाळून कातडी ताणतो, वर तेल हवंच.

अंगणवाडी

दोन गोष्टी आमच्याकडे नेहमी विचारतात. काशाच्या वाटीने तळपाय घासले की तूप काळं होतं, ती अंगातली उष्णता का? आणि शतधौत घृत (शंभर वेळा धुतलेलं तूप) घरी होतं का?

शेंगा आणि साली

काळं होतं ते काशातल्या तांब्यामुळे. धातू आणि तूप एकमेकांवर घासले की तसा रंग येतो. फरशीवर वाटी-तूप घासून बघा, तिथेही येईल. फरशीला उष्णता झालेली नसते. पाय चोळल्याने बरं वाटतं, तूप मुरतं, तो फायदा खरा. नंतर पाय पुसा, नाही तर चादर काळी होते आणि फरशीवर घसरायला होतं.

शतधौत घृत होतं, फक्त हात भरून येतात. गाईचं १०० ग्रॅम घट्ट तूप, तांब्याची परात, थंड पाणी. दोन-तीन मोठे चमचे पाणी घालून तळहाताने गोल-गोल घासा, पाणी वेगळं होईल, ते ओतून द्या, नवीन घाला. असं शंभर वेळा. विसाव्या-तिसाव्या धुण्याला तूप पांढरं पडायला लागतं, शेवटी वास जाऊन लोण्यासारखं हलकं होतं. उन्हाळ्यात पाणी माठातलं घ्या, तूप पातळ असेल तर काहीच होत नाही. तूप रात्रभर परातीत ठेवू नका, हिरवट होतं, ते वापरायचं नाही. शेवटचं पाणी पूर्ण दाबून काढा, काचेच्या बाटलीत भरा, कोरड्या चमच्याने काढा. संरक्षक काही नसल्याने आठवड्या-दोन आठवड्यांपुरतंच करा. ओठ आणि उन्हाने पोळलेल्या मानेला फार छान. चेहऱ्यावर मुरुमं असतील तर नको.

उपकेंद्र

घरगुती उपाय कुठे लावायचे नाहीत तेवढं लिहितो.

कडेला लाल, मध्ये बरा होत जाणारा गोल, खाजणारा डाग म्हणजे गजकर्ण. त्याला तेल लावल्याने फायदा नाही, आणि मेडिकलमधून मिळणारी मिश्र मलमं (ज्यात स्टेरॉइड असतं) चार दिवस बरं वाटवून नंतर दुप्पट पसरवतात. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुळ्या, घरात एकापेक्षा जास्त जणांना, ही खरूज. सगळ्या घराने एकाच दिवशी औषध घ्यायचं असतं. डोक्यातला कोंडा पिवळट, तेलकट असेल तर तो कोरडेपणा नव्हे, तेलाने वाढतो. कोरडेपणाचा कोंडा बारीक, पांढरा, झटकला की पडतो.

कोरडा, फिकट किंवा लालसर चट्टा, जिथे घाम येत नाही, केस गेले आहेत आणि टोचलेलं कळत नाही, तो कुष्ठरोग असू शकतो. चंद्रपूर, गडचिरोलीकडे अजून रुग्ण मिळतात. बाबा आमट्यांचं आनंदवन वरोऱ्याला उभं राहिलं त्याला पाऊणशे वर्षं झाली, तरी लोक चट्ट्यावर खोबरेल लावत वर्ष घालवतात. तपासणी आणि गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट आहेत. लवकर सुरू केल्या तर हातापायाला व्यंग येत नाही.

तान्ह्या बाळांना : कापूर घातलेलं तेल नको, कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. पिठाच्या गोळ्याने लव काढणं बंद करा, कातडी सोलते. कोमट खोबरेल, अर्धा ते एक चमचा, हलक्या हाताने.

हुरडा

उपकेंद्र भाऊ, निंबाचं तेल डोक्याले कसं लावाचं तेबी सांगा. आमच्याकडे पोट्टे सरळ बाटली ओतते.

उपकेंद्र

सरळ नको. एक भाग कडुनिंबाचं तेल, नऊ भाग खोबरेल. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस बघा. लाल झालं नाही तर डोक्याला, तासभर, मग धुवा. लहान लेकरांना नाही, आणि बाटली त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, पोटात गेलं तर विषारी आहे. करंजाच्या तेलालाही हेच प्रमाण.

अंगणवाडी

पुडीचं प्रमाण गटाला कळवते : शिकेकाई चार, रिठा एक, मेथी एक, आवळा अर्धा. पूड न करता भरड ठेवून, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून दिली तर? म्हणजे गाळायचं कामच नाही.

शेंगा आणि साली

चालेल, आणि बरंच आहे. भरड जाड रव्याएवढी ठेवा, ३० ग्रॅमची पुरचुंडी, दोरा सैल बांधा कारण मेथी फुगते. बांधण्याआधी शेंगा दोन दिवस कडक उन्हात वाळवा, नाही तर पुडीत टोके (किडे) पडतात. वर चिठ्ठी लावा : अर्धा लिटर पाणी, रात्रभर भिजवणे, पंधरा मिनिटं मंद शिजवणे, डोळे जपणे.